घरचा तंबू

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, कुलूपवाल्याच्या दुकानासमोर, पत्र्याच्या छपराखाली तंबूमामांचे दुकान आहे. दुकान म्हणजे बोळासारखी एक लांबट खोली. शिरताना डाव्या हाताला जाड कापडाचे तागे, उजव्या हाताला खिडकीजवळ शिलाईचे मशीन, आणि अगदी आत, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो तिथे, लाकडाच्या ओंडक्यावर बसवलेली छोटी ऐरण. मालमोटारींची आच्छादने, दुकानांपुढच्या उन्हाच्या झापा आणि तंबू, एवढेच तिथे शिवले जाते. मामांचे खरे नाव गल्लीत फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांच्याहून वयाने मोठी माणसेही त्यांना मामाच म्हणतात, आणि त्या हिशेबाने त्यांच्या पत्नी सगळ्या जगाच्या मामी झाल्या.

मामांची शिवण उसवत नाही, ही त्यांची ख्याती. कुलूपवाला म्हणायचा, "मामांनी शिवलेला तंबू आणि मामांनी धरलेला हट्ट, दोन्ही सुटायचे नाहीत." मामांना हे ऐकून बरे वाटे. त्यातला दुसरा भाग त्यांनी कधी मनावर घेतला नाही.

गावाबाहेर तळ्यापलीकडे एक मोठा माळ आहे. थंडी पडू लागली की तिथे गाण्याचा महोत्सव भरतो. लांबलांबून माणसे येतात, तंबू ठोकतात आणि महोत्सव संपेपर्यंत तिथेच मुक्काम करतात. रात्र चढते तसे गाणे चढत जाते आणि उजाडल्यावर थांबते. लग्नाआधी मामी एकदा आपल्या मावशीबरोबर तिथे राहिल्या होत्या. पहाटे गारठ्यात, पांघरुणात गुरफटून, तंबूच्या तोंडाशी बसून त्यांनी एका बाईंचे गाणे ऐकले. ते त्यांच्या मनात असे काही घर करून बसले की संसाराला लागल्यावर पहिल्याच थंडीत त्यांनी विषय काढला.

"आपण जाऊ या का हो माळावर?"

"जाऊ की," मामा म्हणाले, "पण भाड्याच्या तंबूत मी झोपणार नाही."

"का बरं?"

"अगं, त्या माळावरचे निम्मे तंबू माझ्या हातचे. आणि मीच दुसऱ्याच्या तंबूतून डोकं बाहेर काढलं तर? लोक म्हणतील, वैद्यबुवा स्वतः शेजारच्या वैद्याकडे जातात."

"मग शिवा आपला."

"शिवतो. त्याला काय लागतं?"

काही फारसे लागत नव्हते, हे खरेच होते. मामांनी कापड बेतले, कापलेसुद्धा. तेवढ्यात एक नेहमीचे गिऱ्हाईक धापा टाकत आले. त्याचा तंबू उंदरांनी कुरतडला होता आणि महोत्सव तोंडावर आला होता. मामांच्या पुढ्यात कापलेले कापड तयार होते. ते त्याच्या तंबूत गेले. "घरचं काय, घरच्या घरी कधीही होईल," असे मामा म्हणाले, आणि मामींनीही मान डोलावली, कारण गिऱ्हाईक अडलेले होते आणि संसार नवा होता.

दुसऱ्या वर्षी दुसरे गिऱ्हाईक आले. तिसऱ्या वर्षी लेक पोटात होती. पुढे हा प्रकार इतका अंगवळणी पडला की दर वर्षी थंडीच्या सुरुवातीला घरचा तंबू बेतला जाई आणि महोत्सवाच्या आधी कोणाच्या तरी नावावर निघून जाई. ज्यांनी गाण्याला जायचे ते मामांच्या तंबूत जात. मामांची सुगी नेमकी त्याच दिवसांत येई, त्यामुळे मामा मशीनवरून उठू शकत नसत. गल्लीतून सामानाने लादलेल्या गाड्या माळाकडे निघाल्या की मामी हातातले काम थांबवून दारात येत. सगळ्या गाड्या गेल्या की आत जात. एकदा त्या एवढेच म्हणाल्या, "आपल्या हातचा माल मात्र दर वर्षी गाणं ऐकून येतो." मामा हसले. ते हसण्यासारखेच होते, असे त्यांना तेव्हा वाटले.

मामी दुकानात आल्या त्या चार दिवसांसाठी म्हणून. कामावरचा माणूस ऐन सुगीत सोडून गेला आणि तंबूंना कड्या ठोकायला कोणी उरले नाही. दोर ओवण्यासाठी तंबूच्या काठाला पितळी कड्या बसवाव्या लागतात: कापडाला भोक पाडायचे, कडी ऐरणीवर ठेवायची, वर साचा धरायचा आणि हातोडीचा एक ठोका, पण असा नेमका की कडी कापडाला घट्ट मिठी मारील आणि कापड फाटणार नाही. मामींचा हात या कामात असा बसला की चार दिवसांची चाकरी जन्माची झाली. पत्र्याचे छप्पर, अरुंद खोली आणि लोखंडावर पितळ. ठोका पडला की आवाज भिंतीवरून भिंतीवर आदळत दारापर्यंत जाई. कुलूपवाला स्वतः दिवसभर कानशी घासणारा माणूस, पण तोही म्हणे, "मामी, तुमच्या एका ठोक्यात माझी दहा कुलपं उघडतात."

मामांनी फार लवकर कानात कापूस घालायला सुरुवात केली. रोज सकाळी मशीनला तेल द्यायचे, कापसाचे दोन बोळे करायचे, कानात घालायचे आणि कामाला लागायचे. पहिल्या दिवसांत त्यांनी मामींपुढेही कापूस धरला होता.

"मला नको," मामी म्हणाल्या. "कान बंद केले तर रेडिओ कसा ऐकू येणार?"

ऐरणीच्या वर फळीवर एक रेडिओ होता. मामींनी तो माहेराहून आणला होता. माळावर जाणे जमत नव्हते, निदान दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत जेवढे गाणे सापडेल तेवढे त्या टिपून घेत. ठोका, मग एक तान, मग ठोका. कधी एखादी जागा फारच सुंदर आली तर हातोडी हवेतच थांबे. मामांना ते दिसे. काम थांबले म्हणून ते कधी रागावले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. पण कापूस घे, असेही त्यांनी पुन्हा कधी म्हटले नाही. हिला गाणे मिळते आहे आणि मला काम, दोघांचे भागते आहे, असा त्यांचा हिशेब होता.

रेडिओचा आवाज दर वर्षी थोडा थोडा चढत गेला. मामांच्या कानात कापूस असल्यामुळे त्यांना तो सारखाच वाटे. मग एक दिवस कोणाचा तरी फोन आला, मामांनी बोळा काढला आणि फोनवर बोलून झाल्यावर तो परत घालायला विसरले. थोड्या वेळाने त्यांच्या ध्यानात आले की दुकानात फक्त ठोके पडत आहेत.

"रेडिओ बिघडला का?" त्यांनी विचारले. मामींनी वर पाहिले नाही. मामांनी जवळ जाऊन पुन्हा विचारले.

"नाही," मामी म्हणाल्या. "बरेच दिवस लावलाच नाही. खरखरतो."

मामांनी रेडिओ लावून पाहिला. तो स्वच्छ वाजत होता.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे दोघे दुकानातून तसेच उठून गेले. डॉक्टर वयाने लहान, बोलायला शांत. मामींना काचेच्या खोलीत बसवून त्यांनी तपासणी केली आणि मग विचारले, "कारखान्यात होतात का कुठे?"

"छे हो. घरचंच काम."

"कसलं?"

"कड्या ठोकायचं. तंबूंच्या."

"आणि कानात काही घालत नव्हता?"

"घातलं असतं तर गाणं कसं ऐकलं असतं?" मामी इतक्या सहज म्हणाल्या, जणू डॉक्टरांनी वेड्यासारखेच विचारले होते.

डॉक्टरांनी काही लिहायला म्हणून मान वळवली आणि त्यांची नजर मामांवर थांबली. मामांना प्रथम कळले नाही. मग त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला. सकाळचा कापूस तसाच होता. त्यांनी दोन्ही बोळे काढले आणि मुठीत धरून ठेवले. डॉक्टर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे, असे मामांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिले.

गेलेले परत येणार नाही, उरलेलेही हळूहळू जाईल, असे डॉक्टरांनी समजावले. यंत्र लावले की समोरच्या माणसाचे बोलणे कळेल, पण गाण्याचे काही सांगता येत नाही. "ऐकायचं असेल ते आता ऐकून घ्या," ते उठता उठता म्हणाले.

त्या संध्याकाळी मामांनी दुकानाच्या दाराला पाटी लावली: यंदा महोत्सवाचे तंबू घेतले जाणार नाहीत. कुलूपवाल्याने ती वाचली आणि रस्ता ओलांडून आला.

"काय मामा, धंदा विकला की काय?"

"आम्ही जातोय माळावर."

"तुम्ही?" तो दाराच्या चौकटीला टेकला. "आणि राहणार कुठं?"

"घरच्या तंबूत."

कुलूपवाल्याने पाटीकडे पाहिले, मामांकडे पाहिले, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही.

मामांनी सगळ्यांत जाड ताग्याचे कापड काढले. प्रत्येक जोडाला दुहेरी शिवण घातली, कोपऱ्यांना आतून चामड्याचे तुकडे लावले, शिवणींवर गरम मेण चोळले. तळाला कापडाची जादा घडी, दाराला आडपडदा, आणि दारापुढे हातभर झाप, कारण मामी पहाटे तंबूच्या तोंडाशी बसणार आणि वरून दव पडणार. गिऱ्हाइकाच्या तंबूला त्यांनी इतके सोपस्कार कधी केले नव्हते. कड्या ठोकायच्या वेळी मामी ऐरणीपाशी येऊन बसल्या, तर मामांनी त्यांच्या हातून हातोडी काढून घेतली.

"आता काय उरलंय वाचवायला?" मामी म्हणाल्या.

"असू दे," मामा म्हणाले, आणि स्वतः ठोकायला बसले. त्यांच्या पहिल्या काही कड्या वाकड्या बसल्या. मामींनी त्या बोटाने चाचपून पाहिल्या आणि काढून परत लावायला दिल्या.

महोत्सवाच्या आधी लेक सुट्टी काढून आली. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. आईबापांना माळावर पोहोचवून द्यायचे तिने कबूल केले होते. घरात पाऊल टाकताच ती सामानाच्या ढिगापुढे उभी राहिली. वळकट्या, कंदील, विजेरी, छोटी शेगडी, पाण्याची पिंपे, तंबूचे खांब, दोर, जास्तीचे दोर, जमिनीत ठोकायच्या लोखंडी मेखांची पिशवी आणि मेखांची दुसरी पिशवी.

"बाबा, गाणं ऐकायला निघालाय की किल्ला जिंकायला?"

"जमीन कडक असली तर मेखा वाकतात."

"आणि हे फावडं?"

"तंबूभोवती चर खणायला. पाऊस आला तर?"

"या दिवसांत?"

"येतो कधी कधी."

"आई, यांनी पाऊससुद्धा सामानात घेतलाय बघ."

मामी लेकीच्या ओठांकडे बघत होत्या. त्या हसल्या, पण जरा उशिरा. त्यांच्या स्वतःच्या पिशवीत एक लोकरीची शाल आणि कानातल्या यंत्राचे सेल, एवढेच होते.

निघण्याच्या आदल्या दुपारी मामांनी दुकानामागच्या मोकळ्या जागेत तंबू उभारून पाहिला. शिवलेला तंबू उभारून पाहिल्याशिवाय तो दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नेहमीचा शिरस्ता. कुलूपवाला दुकान उघडे टाकून बघायला आला. खांब उभे राहिले, दोर ताणले गेले, आणि तंबू असा चापूनचोपून बसला की कापडावर कुठे सुरकुती म्हणून नव्हती. मामा त्याच्याभोवती फिरले आणि त्यांनी एक मेख उगाचच पुन्हा ठोकली.

"मामा, लग्नात तुम्हीसुद्धा एवढे ताठ उभे राहिला नसाल," कुलूपवाला म्हणाला.

मामी वाकून आत गेल्या. त्यांनी शिवणींवरून हात फिरवला, चामड्याचे कोपरे पाहिले आणि मग दाराशी, झापेखाली, पाय दुमडून बसल्या. लेकीला काय वाटले कोणास ठाऊक, तिने पिशवीतून लहानसा ध्वनिवर्धक काढला आणि फोनवरून एक गाणे लावले. मामींनी लग्नाआधी ऐकलेल्या त्या बाई आता गात नाहीत. त्यांची शिष्या गाते, आणि उद्यापासूनच्या महोत्सवात तीच पहाटे गाणार होती. "आई, थोडं आधीच ऐकून घे," लेक म्हणाली.

मामा मेखेपाशी उकिडवे बसून मामींच्या चेहऱ्याकडे पाहत होते. गाण्यातले त्यांना काही कळत नसे. सगळी गाणी त्यांना सारखीच वाटत. मामींचा चेहरा मात्र त्यांना वाचता येई. हातोडी हवेत थांबायची तेव्हाचा चेहरा त्यांना पाठ होता. ते त्याची वाट पाहत राहिले.

मामींनी डोळे मिटले. मग उघडले. उजव्या कानातले यंत्र काढले, पुन्हा घातले. मान तिरकी करून थोडा वेळ ऐकले. मग त्यांनी हात वर केला.

"बंद कर, बाळ."

"आवाज वाढवू का?"

"नको. बंद कर."

कुलूपवाल्याला दुकानाची आठवण झाली आणि तो निघून गेला.

"थाप कळते," मामी म्हणाल्या, तक्रार नव्हे, माहिती दिल्यासारखे. "तंबोऱ्याचं नुसतं गुरगुरणं येतं. आणि ती बाई गाते ते पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं. सूर लागतच नाही कुठं."

"डॉक्टरांकडून यंत्र परत जुळवून घेऊ," मामा घाईने म्हणाले. "आज संध्याकाळी जाऊ. आणि तिथं अगदी पुढं बसू. मी आयोजकांना ओळखतो, सगळे तंबू माझेच—"

"पुढं बसलं तर डबा मोठ्यानं वाजेल. एवढंच होईल."

"तुला हे आधीच माहीत होतं?"

"यंत्र लावलं त्याच दिवशी. परत आल्यावर रेडिओ लावून पाहिला होता."

"मग बोलली का नाहीस? आम्ही सगळं सामान—"

"तुम्ही शिवायला बसला होता," मामी म्हणाल्या. "मध्येच सांगितलं असतं तर हाही अर्धाच राहिला असता. मला तो पुरा झालेला बघायचा होता."

लेकीने ध्वनिवर्धक हळूच पिशवीत ठेवला. "आई, तरी जाऊ या ना," ती म्हणाली. "नुसती हवा, माणसं, मोकळं आभाळ. गाण्याचं राहू दे."

"सगळे डोळे मिटून ऐकणार आणि मी त्यांची तोंडं बघत बसणार? मला नाही ते जमायचं." मामींनी शालीचे टोक गुडघ्यावर सारखे केले. "आणि खरं सांगू का? त्या बाईंचं ते गाणं माझ्याजवळ अजून आहे. सगळं आहे, जसंच्या तसं. पहाटे जाग आली की येतं. तिथं जाऊन हा डब्याचा आवाज त्यावर बसला तर तेही जाईल. ते नको."

मामांना वाटले, निदान हिने रागवावे. 'बैल गेला आणि झोपा केला' असे काही तोडून बोलावे. पण मामींच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी हा निर्णय मागेच कधीतरी एकटीने घेतला होता आणि त्यासाठी लागणारे दुःखही त्यांचे करून झाले होते. मागे राहिले होते ते मामाच. त्यांना तर माळावर जायचे होते ते हिच्यासाठी, असे ते इतके दिवस समजत होते. आता एवढ्या निगुतीने शिवलेल्या त्या कापडाकडे पाहताना त्यांच्या लक्षात आले की जायची गरज त्यांनाच जास्त होती.

लेक चहा करायला आत गेली. मामा दाराजवळच्या मेखेपाशी वाकले. दोर सैल करता करता, जमिनीकडे बघत, ते म्हणाले, "मी तुला तेव्हाच पुन्हा सांगायला हवं होतं. कापसाचं. मला दिसत होतं, आवाज वाढतोय ते. नाही, ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. बटण कुठवर फिरलंय ते रोज दिसायचं. मी बोललो नाही."

एवढे बोलायला त्यांना फार वेळ लागला. मान वर केली तेव्हा मामी त्यांच्याकडेच पाहत होत्या.

"काय म्हणालात?" मामींनी विचारले. "खाली बघून बोललात की मला कळत नाही हो."

मामांनी तोंड उघडले. तेच शब्द तिच्याकडे तोंड करून, सावकाश, ओठांची नीट हालचाल करून पुन्हा उच्चारायचे होते. मामी वाट पाहत होत्या.

"काही नाही," मामा म्हणाले. "दोर सोडतो म्हटलं."

"सोडा," मामी म्हणाल्या, आणि उठून बाहेर आल्या.

खांब निघाले तसा तंबू हळूहळू बसला. जाड कापडाची घडी एका माणसाने होत नाही. दोघांनी समोरासमोर दोन दोन कोपरे धरले, कापड झटकले, मध्ये दुमडले, पुन्हा ताणले. पूर्वी कोपरा जुळवायची वेळ आली की मामा 'हं' म्हणत आणि मामी पाऊल टाकत. आज मामांनी हनुवटी किंचित वर केली, आणि मामींनी बरोबर त्याच क्षणी पाऊल टाकले. कोपऱ्याला कोपरा लागला. मामांच्या हातून कापड आपल्या हातात घेऊन मामींनी खालची दुमड उचलायला त्यांना मोकळे केले. असे करत करत घडी लहान होत गेली आणि दोघे जवळ येत गेले.

तंबू वाजवीपेक्षा जड झाला होता. दुहेरी शिवण, चामडे, मेण. दोघांनी मिळून तो उचलला, तरी दुकानाच्या दारापर्यंत नेताना त्यांना तो वाटेत एकदा खाली ठेवावा लागला.